मोटर फिरते, पण वायपर हलत नाही

ऐन पावसाळ्यात घोडबंदर रोडवर माझ्या जुन्या हॅचबॅकचे दोन्ही वायपर एकदम थांबले. स्विच लावला की घरघर ऐकू यायची, काच मात्र तशीच. मेकॅनिक फोनवरच म्हणाला, "साहेब, मोटर गेली, नवीन टाकू." पटेना. मोटरचा आवाज येतोय म्हणजे तिला करंट मिळतोय. फ्यूज, रिले बघण्यात अर्थ नाही. बिघाड मोटरच्या पुढे.

एकच वायपर थांबला असता, तर आधी त्याच्या बुडाचा नट पाहिला असता. तो सैल झाला की आतले दाते घसरतात. इथे दोन्ही ठप्प, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये वायपरचे आर्म, म्हणजे पाती धरणारे दांडे, काढून काचेखालचं प्लास्टिकचं कव्हर उचललं. लिंकेजचा, म्हणजे मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या जोडणीचा, दांडा मोटरच्या क्रँकवरून (मोटरसोबत फिरणाऱ्या पट्टीवरून) सुटून लोंबत होता! टोकाचा नायलॉनचा बुश, म्हणजे सांध्यातली वाटी, झिजून सैल पडला होता. तेवढाच बुश बदलला, ग्रीस लावलं, पकडीने दाबून बसवला. हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढाच; ही मोटर बोट मोडू शकते.

आर्म बसवण्यापूर्वी बॅटरी परत जोडून मोटर फिरवून स्विचने बंद करावी. ती आपल्या जागी येऊन थांबते, मगच आर्म खालच्या रेषेत लावायचे. नाहीतर पाती काचेच्या कडेवर आपटतात.

कव्हरखाली पानांचा लगदाही निघाला. पाणी जायचं भोक त्यानेच तुंबलं होतं, तेही तारेने मोकळं केलं. मोटरमध्ये पाणी शिरलं असतं, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरलं असतं.