हेडफोनचा अ‍ॅम्प: ब्रँडच्या आधी व्होल्टचा हिशेब

अ‍ॅम्प (हेडफोनला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) निवडायला लागणारे जवळजवळ सगळे आकडे हेडफोनच्या खोक्यावरच छापलेले असतात. अडचण एवढीच, की प्रत्येक कंपनी ते वेगळ्या मापात छापते. म्हणून सुरुवात अ‍ॅम्पपासून न करता हेडफोनपासून करायची.

दोन आकडे शोधा. पहिला इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध), ओममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो), डेसिबलमध्ये. दुसऱ्या आकड्यापाशी बहुतेक जण फसतात, कारण काही कंपन्या एक मिलीवॅट दिल्यावर किती डेसिबल आवाज येतो ते सांगतात, तर काही एक व्होल्ट दिल्यावर किती येतो ते. सेनहायझर एचडी ६०० चा आकडा ९७ डेसिबल आहे आणि बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोच्या २५० ओमच्या आवृत्तीचा ९६. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. पण सेनहायझरचा आकडा एका व्होल्टचा आहे आणि बायरचा एका मिलीवॅटचा. बायरचा आकडा व्होल्टच्या मापात आणला की तो १०२ होतो, म्हणजे छापलेल्या आकड्यांनुसार तेवढ्याच व्होल्टला एचडी ६०० सुमारे ५ डेसिबल हळू वाजतो.

मिलीवॅटचा आकडा व्होल्टमध्ये आणायला मोठे गणित लागत नाही. ३२ ओमच्या हेडफोनला १५ मिळवा, २५० ओमला ६, ३०० ओमला ५ आणि ६०० ओमला २. यापुढे सगळा हिशेब व्होल्टमध्येच करायचा. दर ६ डेसिबलला लागणारे व्होल्ट दुप्पट होतात आणि दर २० डेसिबलला दहापट, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

आता लक्ष्य ठरवा. शांत खोलीत ऐकताना सरासरी आवाज ७५ ते ८० डेसिबल असला तरी भरपूर वाटतो. पण संगीत सरासरीवर चालत नाही. विलंबित ख्यालात तबल्याची एखादी थाप किंवा ऑर्केस्ट्रातला झांजांचा आघात सरासरीच्या २० डेसिबल वर सहज जातो. शिवाय जुनी ध्वनिमुद्रणे मुळातच हळू असतात. म्हणून क्षणिक आघातांसाठी ११० डेसिबलपर्यंत पोचण्याची क्षमता असलेला अ‍ॅम्प घ्यावा. सतत तेवढ्या आवाजात ऐकायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला निम्मा वेळ, ही कानांची मर्यादा सर्वसाधारणपणे धरली जाते.

११० डेसिबलसाठी काही हेडफोनांना किती लागते ते पाहा:

ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स (३८ ओम): ०.७ व्होल्ट, १८ मिलिअँपिअर.
डीटी ९९० प्रो (२५० ओम): २.५ व्होल्ट, १० मिलिअँपिअर.
एचडी ६०० (३०० ओम): ४.५ व्होल्ट, १५ मिलिअँपिअर.
हायफायमॅन एचई-६ (५० ओम, प्लेनार म्हणजे सपाट पडद्याचा): ४.७ व्होल्ट, ९५ मिलिअँपिअर.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. व्होल्ट जवळपास सारखेच, पण करंट सहापट. ‘ओम जास्त म्हणजे चालवायला कठीण’ ही समजूत इथेच गळून पडते. जास्त ओमचा हेडफोन व्होल्ट मागतो, तर कमी ओमचा आणि कमी सेन्सिटिव्हिटीचा प्लेनार व्होल्टही मागतो आणि करंटही. एचडी ६०० मजेत वाजवणारा छोटा अ‍ॅम्प एचई-६ जोडल्यावर आघाताच्या क्षणी फाटतो, त्याचे कारण हे.

मुळात अ‍ॅम्प हवा का, याचे उत्तरही याच यादीत आहे. साध्या लॅपटॉपचा हेडफोन-जॅक किंवा अ‍ॅपलचा यूएसबी-सी डोंगल (हेडफोन जोडायचा छोटा अ‍ॅडॅप्टर) साधारण १ व्होल्ट देतो. युरोपात विकला जाणारा डोंगल अर्ध्या व्होल्टला अडतो, आणि काही अँड्रॉइड फोनवर हा डोंगल पूर्ण आवाज देतच नाही. एम५०एक्सला एक व्होल्ट पुरून उरतो. तिथे अ‍ॅम्पवर खर्च करण्यापेक्षा ते पैसे पुढच्या हेडफोनसाठी ठेवावेत. एचडी ६०० एका व्होल्टवर ९७ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे हळू ऐकणाऱ्याचे तेवढ्यात भागते, पण आघातांना जागा उरत नाही. इक्वलायझरने बास ६ डेसिबल उचलायची सवय असेल, तर क्लिपिंग (सिग्नलची टोके कापली जाऊन आवाज फाटणे) टळावे म्हणून बाकी सगळे ६ डेसिबल खाली आणावे लागते. ती तूट अ‍ॅम्पनेच भरून काढायची असते, तेव्हा लागणारे व्होल्ट दुप्पट धरा.

अ‍ॅम्पच्या जाहिरातीत ‘१००० मिलीवॅट’ असे ठळक अक्षरांत असते आणि ‘३२ ओमला’ हे बारीक अक्षरांत. वॅट गुणिले ओम करून वर्गमूळ काढा: १ गुणिले ३२, वर्गमूळ ५.७ व्होल्ट. ५.७ भागिले ३२ केले की करंट मिळतो, सुमारे १७५ मिलिअँपिअर. एचई-६ लासुद्धा हा अ‍ॅम्प चालेल. तेवढ्याच व्होल्टला ३०० ओमवर याची ताकद फक्त १०० मिलीवॅटच्या आसपास भरते. आकडा लहान दिसला तरी एचडी ६०० ला तो पुरेसा आहे. उलट बाजूने मात्र अंदाज बांधू नका. ३०० ओमला १०० मिलीवॅट देणारा अ‍ॅम्प ३२ ओमला किती देईल हे त्याच्या करंटच्या मर्यादेवर ठरते. दोन्ही आकडे न देणाऱ्या कंपनीचा अ‍ॅम्प प्लेनारसाठी घेऊ नये.

पुढचा आकडा अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्वतःच्या आतला विरोध. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा. ३२ ओमच्या हेडफोनला ४ ओमपर्यंत चालेल, पण आजचे चांगले अ‍ॅम्प १ ओमच्या खालीच असतात, मग ४ का स्वीकारायचा? हा आकडा महत्त्वाचा का, ते एचडी ६०० वर चांगले दिसते. त्याचा इम्पीडन्स नावाला ३०० ओम असला तरी १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या वर चढतो. १२० ओमचा आउटपुट जोडला तर जिथे इम्पीडन्स जास्त आहे तिथे हेडफोनला वाटाही जास्त मिळतो आणि बास सुमारे एक डेसिबलने फुगतो. काहींना तो ‘उबदार’ आवाज आवडतो. आवडू दे, पण तो अ‍ॅम्पचा दर्जा नसून एक छोटा इक्वलायझर आहे, हे ओळखून आवडू दे. प्लेनारचा इम्पीडन्स जवळपास सपाट असतो, त्यामुळे तिथे आवाजाचा तोल बदलत नाही, फक्त ताकद वाया जाते. सगळ्यात जास्त बिघडते ते अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या, कानात घालायच्या इन-इअर मॉनिटरचे.

घरातल्या जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला हेडफोनचे भोक असते, ते वापरून बघायला हरकत नाही. पण पुष्कळ जुन्या यंत्रांत ते स्पीकरच्या आउटपुटवरून शंभर ते चारशे ओमच्या रेझिस्टरमधून काढलेले असते. ३०० ते ६०० ओमच्या हेडफोनला ते बऱ्यापैकी चालते, ३२ ओमच्या हेडफोनचा बास मात्र सैल होतो. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब (व्हॉल्व्हच्या) अ‍ॅम्पचेही तसेच. त्यांचा आउटपुट इम्पीडन्स १०० ओमच्या घरात असतो आणि करंट तुटपुंजा. ३०० ओमच्या सेनहायझरशी त्यांची जोडी जमते, प्लेनारशी अजिबात नाही. किट आणून स्वतः जोडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आत शंभर व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहतो.

गेन म्हणजे आलेला सिग्नल अ‍ॅम्प किती पटीने वाढवतो ते, ती ताकद नव्हे. डॅकच्या (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारे यंत्र) आरसीए आउटपुटमधून पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट येतात. एचडी ६०० ला ४.५ हवेत, म्हणजे गेन सव्वादोनपट, ७ डेसिबल. डोंगलमधून १ व्होल्ट येत असेल तर तोच गेन साडेचारपट लागतो, आणि तेव्हा डोंगलचा आवाज पूर्ण ठेवून अ‍ॅम्पच्या नॉबनेच कमी-जास्त करायचे. गरजेपेक्षा जास्त गेन घेतला की नॉब घड्याळातल्या सात-आठ वाजताच्या जागेवरच कानठळ्या बसवतो. नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरच्या डाव्या-उजव्या बाजू त्या सुरुवातीच्या टप्प्यात सारख्या चालत नाहीत, त्यामुळे गाणारा एका कानाकडे सरकल्यासारखा वाटतो. अ‍ॅम्प बिघडलेला नसतो, गेन चुकलेला असतो. गेनचे बटण असलेला अ‍ॅम्प घ्या आणि रोजच्या ऐकण्यात नॉब दहा ते दोन वाजताच्या मध्ये राहील असा गेन ठेवा.

मागे सतत येणारी सूं-सूं एचडी ६०० वर कधी ऐकू येणार नाही. अ‍ॅम्पचा नॉइज २० मायक्रोव्होल्ट असला तरी त्यावर तो ३ डेसिबलच भरतो. एका व्होल्टला १२० डेसिबल देणाऱ्या इन-इअरवर मात्र तोच नॉइज २६ डेसिबल होतो आणि रात्री स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही प्रकार वापरत असाल तर नॉइज ५ मायक्रोव्होल्टच्या आत असलेला अ‍ॅम्प बघा.

बॅलन्स्ड आउटपुटबद्दल (प्रत्येक कानाला दोन अ‍ॅम्प, अधिक आणि उणे बाजूला एकेक) थोडक्यात: त्याने व्होल्ट दुप्पट होतात, करंट पुरला तर ताकद चौपट, आणि आउटपुट इम्पीडन्सही दुप्पट. साध्या आउटपुटवर तुमचा हिशेब जमत असेल तर बॅलन्स्डसाठी वेगळी केबल घेण्याची गरज नाही. पण एक चूक महागात पडते. बॅलन्स्ड अ‍ॅम्पच्या ४.४ मिलिमीटर किंवा चार पिनी एक्सएलआरमधून साध्या ६.३५ मिलिमीटर प्लगचा हेडफोन चालवणारा अ‍ॅडॅप्टर कधी वापरू नका. बॅलन्स्डमध्ये डावी आणि उजवी उणे बाजू दोन वेगळ्या जिवंत तारा असतात. साध्या प्लगमध्ये त्या एकत्र येतात आणि दोन अ‍ॅम्प एकमेकांवर शॉर्ट होतात. उलटा अ‍ॅडॅप्टर, म्हणजे बॅलन्स्ड केबलचा हेडफोन साध्या अ‍ॅम्पला, निर्धोक आहे.

अमेरिकेतून कोणी अ‍ॅम्प आणून देणार असेल तर आधी त्याचा वीजपुरवठा पाहा. तिथे विकले जाणारे काही छोटे अ‍ॅम्प ११५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालतात. भारतातल्या २३० व्होल्टला ते जळतील. शिवाय त्यांतल्या काहींना एसी ते एसी अ‍ॅडॅप्टर लागतो. खोलगट प्लग सारखा बसतो म्हणून राउटरचा १२ व्होल्ट डीसी अ‍ॅडॅप्टर लावून चालत नाही.

अ‍ॅम्प घरी आला, लावला आणि ५० हर्ट्झची घूं ऐकू आली, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं थांबली तर तो ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांतून फिरणारा करंट) आहे. लॅपटॉप, डॅक आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, तरी न गेल्यास डॅकला यूएसबीऐवजी ऑप्टिकलने जोडा. अर्थिंगची पिन कापणे हा उपाय नाही. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर घूंबरोबर अ‍ॅम्पच्या धातूला हात लावताच झिणझिण्याही येतात. तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

महागडा हेडफोन जोडण्याआधी मल्टिमीटर काढा. अ‍ॅम्प चालू, नॉब शून्यावर, हेडफोन काढलेला. आउटपुटमध्ये एक मोकळा प्लग घालून त्याचे टोक आणि मागची स्लीव्ह यांच्यामधला डीसी मोजा, मग मधली रिंग आणि स्लीव्ह यांच्यामधला. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. ५० च्या वर असेल तर अ‍ॅम्प परत करा, कारण हा डीसी डायफ्रॅम सतत एका बाजूला ढकलून ठेवतो. चालू-बंद करताना मोठा ठप्प आवाज येत असेल तर आत संरक्षक रिले नाही असे समजा आणि दर वेळी हेडफोन शेवटी जोडून आधी काढा.

आउटपुट इम्पीडन्सही घरीच मोजता येतो. लॅपटॉपवर २०० हर्ट्झचा सूर लावा, मल्टिमीटर एसीवर ठेवा आणि नॉब अर्ध्या व्होल्टवर आणा. आता आउटपुटवर ३३ ओमचा रेझिस्टर जोडा. ०.५०० चे ०.४८५ झाले तर १५ मिलिव्होल्ट भागिले ४८५ गुणिले ३३, म्हणजे साधारण १ ओम. सूर १००० हर्ट्झचा घेऊ नका, स्वस्त मल्टिमीटर तिथे चुकीचे वाचतात.

दोन अ‍ॅम्पमधून एक ठेवायचा असेल तर हाच सूर आणि हाच मल्टिमीटर वापरून, हेडफोन जोडलेला असताना, दोन्हींचे व्होल्ट एका टक्क्याच्या आत जुळवा. न जुळवता केलेल्या तुलनेत किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प दर वेळी ‘जास्त तपशील देणारा’ ठरतो. जुळवल्यावर केबल बदलायला दुसऱ्या कोणाला सांगा, तुम्ही पाठ करून बसा आणि दहा वेळा ओळखून बघा. पाच-सहा वेळाच बरोबर आले तर स्वस्त अ‍ॅम्प ठेवून दुसरा परतीची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.