पायथॉनच्या पीडीबीमध्ये लॅम्डा फंक्शनच्या आत कसे थांबावे

समजा, भाज्यांच्या नोंदींची एक लिस्ट भावानुसार लावायची आहे आणि त्यासाठी 'सॉर्टेड' या क्रम लावणाऱ्या फंक्शनला 'की' (कशावरून क्रम लावायचा ते) म्हणून नोंदीतला भाव परत करणारे लॅम्डा, म्हणजे एका एक्स्प्रेशनचे बिननावी फंक्शन, दिले आहे. एखाद्या नोंदीत भावाच्या जागी 'नन' (किंमत नाही) असेल, तर 'नन'ची आकड्याशी तुलना होत नसल्यामुळे प्रोग्रॅम टाइपएरर देऊन थांबतो. मात्र ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे एररसोबत छापल्या जाणाऱ्या फंक्शन-कॉलच्या यादीत, लॅम्डाचा कॉल नसतो, कारण 'सॉर्टेड' आधी सगळ्या नोंदींचे भाव लॅम्डाकडून गोळा करतो आणि तुलना त्यानंतर सुरू करतो. सदोष नोंद शोधायची असेल, तर पीडीबी या पायथॉनच्या डीबगरमध्ये (प्रोग्रॅम पायरीपायरीने चालवून चूक शोधण्याचे साधन) लॅम्डाच्या आतच थांबावे लागते.

'सॉर्टेड'च्या ओळीवर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवण्याची खूण) लावून 'एन' (नेक्स्ट, म्हणजे पुढच्या ओळीवर जा) ही कमांड दिली, तर सगळे काम एका झटक्यात उरकते आणि हाती फक्त एरर येते. तेथे 'एस' (स्टेप, म्हणजे कॉल होणाऱ्या फंक्शनच्या आत जा) द्यावी. 'सॉर्टेड' सी भाषेत लिहिलेले असल्यामुळे पीडीबी त्याच्या आत न शिरता थेट लॅम्डात पोहोचतो आणि प्रत्येक नोंदीसाठी प्रवेशावर, ओळीवर व परतताना असा तीनदा थांबतो. 'ए' दिल्यास आलेले अर्ग्युमेंट दिसते, 'यू' (अप) दिल्यास बाहेरच्या, म्हणजे 'सॉर्टेड'ला कॉल करणाऱ्या, फंक्शनचे व्हेरिएबल पाहता येतात, आणि परतीच्या थांब्यावर परत जाणारी किंमतही छापली जाते. लिस्टमधल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या 'मॅप'च्या बाबतीत मात्र लॅम्डा 'मॅप'च्या ओळीवर चालतच नाही. त्यातून पहिली किंमत मागितली जाते तेव्हाच ते चालते, म्हणून 'एस' त्या ठिकाणी द्यावी.

नोंदी हजारो असतील तर अशी पायपीट परवडत नाही आणि अट घातलेला ब्रेकपॉइंट लागतो. येथे एक अडचण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पीडीबीचा ब्रेकपॉइंट ओळीला चिकटलेला असतो, त्यामुळे लॅम्डा आणि 'सॉर्टेड' एकाच ओळीवर असतील, तर अट बाहेरच्या फंक्शनमध्येही तपासली जाते, तेथे लॅम्डाचे अर्ग्युमेंट अस्तित्वातच नसते, आणि अट तपासताना एरर आली की पीडीबी सरळ थांबतो. यावर माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे लॅम्डाच्या कोलननंतर कंस उघडून मुख्य एक्स्प्रेशन पुढच्या ओळीवर लिहावे आणि भाव 'नन' असल्याची अट त्या ओळीवरच्या ब्रेकपॉइंटला लावावी. मग 'सी' (कंटिन्यू, म्हणजे पुढे चालू ठेव) दिल्यावर प्रोग्रॅम नेमका सदोष नोंदीपाशी थांबतो.

ओळ मोडायची नसेल, तर लॅम्डाच्या एक्स्प्रेशनआधी 'ब्रेकपॉइंट' फंक्शनचा कॉल आणि 'ऑर' लिहावे. हे फंक्शन पायथॉन ३.७ पासून उपलब्ध आहे आणि ते 'नन' परत करत असल्यामुळे 'ऑर'नंतरचे मूळ एक्स्प्रेशन नेहमीसारखेच चालते. पायथॉन ३.१३ पासून प्रोग्रॅम त्या कॉलवरच थांबतो. आधीच्या आवृत्त्यांत एका ओळीच्या लॅम्डात तो परतीच्या वेळी थांबतो, तरीही अर्ग्युमेंट तेव्हा पाहता येते.