कॅम्पमधून सुटलेल्या जपानी-अमेरिकन बायकांनी धर्म कसा टिकवला, हे शोधायचं कसं

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. अमेरिकेच्या घटनेत धर्मस्वातंत्र्य तेव्हाही होतंच, पहिल्याच दुरुस्तीत आहे, तरी डिसेंबर 1941 मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर एफबीआयने जपानी बौद्ध पुजाऱ्यांना उचललंच आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या 9066 नंबरच्या आदेशाने जपानी वंशाची सुमारे 1,20,000 माणसं सरकारी कॅम्पमध्ये, काटेरी तारांमागे गेली. त्यामुळे नुसती कलमं वाचत बसू नका.

सुरुवात अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या (सरकारी दफ्तरखान्याच्या) डेटा फाइलपासून करा, त्यात कॅम्पमधल्या माणसांच्या नाव-वयाबरोबर धर्माचाही रकाना आहे. पण त्यावर डोळे मिटून विश्वास नको. पुजारी पकडले जातायत, लोक भीतीने घरातली जपानी पुस्तकं जाळतायत, अशा दिवसांनंतर सरकारी फॉर्मवर 'बौद्ध' सांगायला छाती लागते, आणि 'ख्रिश्चन' दिसलं तर ते मनापासून की धाकाने हे रकाना सांगत नाही.

मग डेन्शोच्या, म्हणजे जपानी-अमेरिकन लोकांच्या आठवणी जपणाऱ्या संस्थेच्या, साइटवर मुलाखती ऐका, फुकट आहेत, ट्रान्सक्रिप्टही आहे. सर्चमध्ये 'धर्म' टाकाल तर फसाल, कारण रोज हात जोडणारी बाई त्याला धर्म म्हणत बसत नाही. बुत्सुदान टाका, म्हणजे घरातला बौद्ध देव्हारा, कॅम्पमध्ये तो भंगार लाकडातून ठोकून बनवायचे. ओबोन टाका, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचा बौद्ध सण. आणि फुजिनकाई तर टाकाच, म्हणजे देवळाचं महिला मंडळ, खरा माल तिथेच मिळतो.

सुटकेनंतरचा काळ जरा वेळ देऊन बघा. हातात 25 डॉलर आणि रेल्वेचं तिकीट, घर गेलेलं, भाड्याने कोणी देईना, म्हणून वेस्ट कोस्टवर कित्येक देवळं आणि चर्चच हॉस्टेल झाली. देवळाच्या स्मरणिकेत पुजाऱ्यांची नावं ठळक असतात, बायका बहुतेक ग्रुप फोटोत, तेव्हा फोटोखालची बारीक अक्षरं आणि फुजिनकाईचे हिशेब आधी वाचा.

शिकागो वगळू नका. बाहेर पडणाऱ्यांना सरकारी सल्ला होता की आपापल्यात घोळक्याने राहू नका, तरी तिथे 1944 मध्येच बौद्ध देऊळ उभं राहिलं!

घरातल्या कुणा आजीशी बोलायचं असेल तर कॅम्पवरून सुरू करू नका, देव्हाऱ्यातली वस्तू कुठून आली ते विचारा आणि मध्येच तोडू नका.