आईवडिलांची घरीच काळजी घ्यायची आहे, तर खर्च कसा बसवायचा

डिस्चार्ज मिळाला रे मिळाला की सगळे एकच सांगतात, पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला फोन लावा आणि 24 तासांची बाई ठेवा. जरा थांबा. दोन-तीन दिवस वहीत लिहून काढा की माणूस नेमका कधी लागतो, उठवून बाथरूमला न्यायला, अंघोळीला, भरवायला, डायपर बदलायला आणि रात्री हाक किती वेळा येते. बऱ्याच घरात अंगमेहनतीचं काम सकाळीच जास्त असतं, मग तेवढ्या वेळापुरती पेशंट सांभाळणारी मावशी पुरते आणि बाकीचं घरातले वाटून घेऊ शकतात. डिमेन्शिया म्हणजे विसरण्याचा आजार असेल, रात्री कडी काढून बाहेर जायची सवय असेल तर मात्र आधी रात्रीचाच माणूस बघा, तिथे काटकसर नको.

मावशीशी सगळं पहिल्याच दिवशी बोलून कागदावर घ्या, वेळ काय, पगार किती, सुट्टी कधी, आणि पेशंटचंच काम की घरातलं पण. धुणीभांडी हळूहळू तिच्या गळ्यात घातली की ती सोडून जाते आणि मग परत पहिल्यापासून शोधाशोध. आधार कार्डची झेरॉक्स, पोलीस व्हेरिफिकेशन करूनच घ्या. ब्युरोतून घेत असाल तर आपण देतो त्यातले तिच्या हातात किती पडतात ते स्पष्ट विचारा. नर्स रोज लागत नाही, कॅथेटर (लघवीची नळी) किंवा ड्रेसिंगसाठी व्हिजिटवर बोलवा. फिजिओला पण सांगा की आम्हाला शिकवा, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा.

बेड, व्हीलचेअर भाड्याने मिळतात, विकत घ्यायची घाई नको. एअर बेडवर, म्हणजे हवेच्या गादीवर मात्र खर्च करा, कारण बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम झाली की हॉस्पिटलचं बिल त्याच्या कितीतरी पट येतं. एअर बेड असला तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलायचीच. पाठीखालून मांडीपर्यंत एक चादर आडवी घडी करून ठेवा, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून सरकवा, नुसतं ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलते. अंघोळ घालताना माकडहाड, टाचा, खुबे रोज बघा. लाल डाग दाबल्यावरही लालच राहत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोटो पाठवा.

आता सरकारी मदत. वय 70 किंवा त्याच्या पुढे असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, पण ते ॲडमिट झाल्यावरच चालतं, घरच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही हे धरूनच हिशोब करा. उत्पन्न फारच कमी असेल तर श्रावणबाळ योजनेचं तहसील कार्यालयात विचारा, दर महिन्याला पैसे येतात. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या, किमतीत फरक खूप पडतो. पेन्शनचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला रिक्षात घालून बँकेत नेऊ नका. काही अडलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, फुकट आहे.

आणि लांब राहणारी भावंडं नुसते पैसे पाठवत असतील तर त्यांना स्पष्ट सांगा, मावशी गावाला जाईल ते आठ दिवस तुम्ही येऊन राहायचं, तिकीट आत्ताच काढा.