नवरीची मेंदी सोलापूरच्या हवेत: कोन, तारखा आणि ऑर्डर

मेंदीच्या ऑर्डरचा फोन आला की पलीकडून पहिला प्रश्न दराचा असतो. आपण आधी तारखा विचारायच्या: अक्षता कधी, हळद कधी, चुडा कधी भरणार, पार्लरला कधी जाणार? रंग गडद येणार की फिका, हे बरंचसं याच चार उत्तरांत ठरतं.

मेंदी खरवडल्यावर हात केशरी दिसतो. तो केशरी रंग हवा लागून हळूहळू लालसर आणि मग गडद तपकिरी होतो, आणि त्याला साधारण 48 तास लागतात. म्हणून रविवारी दुपारच्या अक्षता असतील तर मेंदी शुक्रवारी सकाळी किंवा दुपारी. शनिवारी रात्री काढलेली मेंदी बोहल्यावर केशरीच दिसणार आणि दोष आपल्या कोनाला लागणार. वॅक्सिंग, मॅनिक्युअर गुरुवारपर्यंत उरकून घ्यायला सांगा. मेंदीनंतर वॅक्स केलं तर त्वचेचा रंगलेला थरच ओढून निघतो.

हळद शनिवारी असेल तर नवरीच्या तळहातांना आधी खोबरेल तेल चोळायचं आणि हळद उतरवताना हाताला उटणं, घासणी लावू द्यायची नाही. हळद मेंदीच्या आधी झाली असेल तर हात साबणाने दोनदा धुऊन पूर्ण कोरडे करायचे, कारण तेलाच्या थरावर मेंदी नीट रंगत नाही. चुडा भरताना कासार पंजा दाबून, साबण किंवा तेल लावून बांगड्या चढवतो, म्हणून मेंदी आणि चुडा एकाच दिवशी ठेवू नये. चुडा आधीच भरला असेल तर बांगड्या वर सरकवून मऊ कापडाने कोपराकडे बांधून ठेवा. मनगटावर पाटल्या, तोडे, हिरव्या बांगड्या येणारच आहेत. तिथे तासभर खर्चून काढलेली बारीक जाळी कुणालाच दिसत नाही, त्यामुळे मुख्य नक्षी तळहातावर आणि बांगड्यांच्या वरच्या भागात घ्या.

कोनातला माल

बाजारातला कोन नवरीला लावू नये. त्यात काय घातलंय हे आपल्याला कळत नाही आणि उत्तर मात्र आपल्याला द्यावं लागतं. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत मेंदीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या नव्या हंगामाची, वस्त्रगाळ, अंगाला लावायची पावडर मागवा. केसांच्या मेंदीत जाड कण असतात, त्याने कोनाचं तोंड अडतं.

100 ग्रॅम पावडरीसाठी प्रमाण असं: साखर 25 ग्रॅम, निलगिरीचं शुद्ध तेल 25 ते 30 मिलि, आणि निम्मं पाणी निम्मा गाळलेला लिंबूरस असं मिळून साधारण 250 मिलि. सगळं पाणी एकदम ओतू नका. पावडर, साखर आणि तेल कालवून आधी 200 मिलिच घाला आणि थालीपीठाच्या पिठाइतकं घट्ट भिजवा. वर प्लॅस्टिक चिकटवून झाका. माल तयार झाल्यावर उरलेलं पाणी चमचाचमचा घालत फेटा. चमच्यातून अखंड फितीसारखी पडली आणि ती फीत पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहिली की पुरे. मग नायलॉनच्या स्वच्छ मोज्यातून गाळा.

किती वेळ भिजवायची, याचं उत्तर घड्याळापेक्षा हवा देते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 40 च्या वर असतो, तेव्हा 4-5 तासांत रंग सुटतो. डिसेंबरात रात्रभर, कधी त्याहून जास्त लागतं. वरचा थर तपकिरी आणि आत हिरवं दिसू लागलं की तळहातावर ठिपका ठेवा, पाच मिनिटांनी पुसा. ठळक केशरी डाग दिसला तर माल तयार. उन्हाळ्यात रात्री भिजवून सकाळपर्यंत ओट्यावर ठेवलेली मेंदी उतरलेली असते. तिचा रंग येतो, पण फिका. तयार माल लगेच कोनात भरून फ्रीजरमध्ये टाका, तिथे तो महिनोन्महिने टिकतो. लावायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. एकदा वितळलेला कोन पुन्हा गोठवू नये. वीज जाण्याचा भरवसा नाही, म्हणून मोठ्या ऑर्डरचे कोन बर्फाच्या डब्यात ठेवून न्या.

साखरेचं प्रमाण मात्र ऋतूप्रमाणे बदलायला हवं. आपली हवा कोरडी. साखर कमी पडली की रेघ तासाभरात तडकून गळते आणि रंग अर्धवट राहतो, म्हणून उन्हाळ्यात 30 ग्रॅमपर्यंत न्या. पावसाळ्यात हवेत ओल असते. तेव्हा तेवढीच साखर पाणी ओढून घेते, मेंदी चिकट राहते आणि रेघा पसरतात. श्रावणात नागपंचमीच्या ऑर्डरींना 15-20 ग्रॅम पुरते.

कोनासाठी 6 बाय 8 इंचाचा प्लॅस्टिकचा तुकडा, भरणी 25 ते 30 ग्रॅम, वर एक तृतीयांश जागा रिकामी. गच्च भरलेला कोन मागून फुटतो. कोपरापर्यंत दोन्ही हात, दोन्ही बाजू भरगच्च असतील तर 4 ते 6 कोन, पायांना आणखी 2. दोन जास्तीचे सोबत ठेवाच.

काळी मेंदी

"अर्ध्या तासात काळीभोर" असं सांगून कुणी कोन दिला तर घेऊ नका. खरी मेंदी कधी काळी होत नाही आणि अर्ध्या तासात गडदही होत नाही. अशा कोनात बहुतेक वेळा पीपीडी हे केस काळे करायच्या रंगातलं रसायन असतं. त्याने फोड येतात, डाग राहतात, आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे केसांचा साधा रंगही सोसत नाही. ऑर्डर घेतानाच विचारा: पूर्वी काळ्या मेंदीने किंवा डायने खाज, सूज आली होती का? नवीन गिऱ्हाईक असेल तर आठवडाभर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा. गरोदर बाई आणि लहान मुलं असतील तर निलगिरी तेल न घातलेला वेगळा कोन न्या. तान्ह्या बाळाला मेंदी लावायचीच नाही, आजीने कितीही हट्ट केला तरी. जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मेंदीमुळे फुटू शकतात, आणि बाळाला ती कमतरता आहे हे घरच्यांना बहुतेक माहीत नसतं.

प्रत्यक्ष बसल्यावर

नवरीला आधी जेवायला सांगा, सैल बाह्यांचे कपडे घालायला सांगा. पाच-सहा तास धरून चाला. पाय आधी घ्या, म्हणजे तोवर तिचे हात मोकळे राहतात. कोपराखाली उशी आणि तिच्यावर आपला टॉवेल. दोन्ही हातांवर नक्षी कुठे संपणार त्या पट्ट्या आधी आखा, नाहीतर डावा हात उजव्यापेक्षा इंचभर लांब होतो. घामेजलेल्या तळव्यावर रेघ उचलून येते, म्हणून दर थोड्या वेळाने टिपून घ्या. पंखा किंवा कूलरचा झोत थेट हातावर नको. चुकीचा थेंब पडला तर सुईच्या बाजूने उचला. तळहातावर तो मिनिटभरात डाग सोडतो, मग पुसत बसण्यापेक्षा त्याची पाकळी करून टाका.

नक्षीचं नवरीशी आणि तिच्या घरच्यांशी आधी बोलून घ्या. मराठी घरांत मुंडावळ्या बांधलेली जोडी, अंतरपाट, तुळशीवृंदावन मागतात. पायावर देवाचं चित्र कधीच काढू नये. मुस्लिम घरांत बहुतेक ठिकाणी माणसं, पक्षी नकोत. फुलं, वेली, जाळी चालते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत एखादी आजी तळव्यावर भरीव गोल आणि बोटांना टोप्या अशी जुनी गोरिंटाकूची (तेलुगूत मेंदीला गोरिंटाकू म्हणतात) पद्धत मागेल. ती मान्य करा, पाच मिनिटांचं काम आणि रंग सगळ्यात गडद.

मेंदी सुकू लागली की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने फक्त टेकवायचं, दोन-तीनदा. ओथंबलं की नक्षी वाहते. किमान 6 ते 8 तास, जमल्यास रात्रभर ठेवायची. काढताना खरवडून काढायची आणि वर मोहरीचं किंवा खोबरेल तेल लावायचं. पुढचे 12 तास पाणी नाही. तव्यावरच्या लवंगांच्या धुरात खरं काम ऊब करते, तेव्हा हात चटका बसेल इतका जवळ नेऊ नये. कोपराकडचा रंग तळव्याइतका गडद येत नाही, कारण तिथली त्वचा पातळ असते. हे नवरीला आधीच सांगून ठेवा.

पाहुण्यांचा हिशेब

साधी अरबी वेल, हाताची एकच बाजू: एक कलाकार तासाला 6-7 हात करते. 50 बायकांचे 100 हात म्हणजे सुमारे 15 तासांचं काम, म्हणजे चौघींना जवळजवळ चार तास. यजमान "वीसेक जणी असतील" म्हणतात आणि चाळीस बसतात. म्हणून दर हातावर किंवा तासावर ठरवा, ठोक रकमेत पाहुणे घेऊ नका. नवरीवर बसलेली कलाकार पाहुण्यांकडे वळवायची नाही.

व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायच्या गोष्टी: तारीख, वेळ, मनगटापर्यंत की कोपरापर्यंत, एक बाजू की दोन, पाहुण्यांचा दर, जास्तीच्या तासाचा दर. निम्मी रक्कम तारीख धरतानाच. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडची ऑर्डर असेल तर येण्या-जाण्याची गाडी यजमानांची. रात्री उशिरा सुटल्यावर एसटीच्या भरवशावर राहू नका. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि एकाच तारखेला चार फोन येतात. पौषात लग्नं थांबली तरी गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) आणि संक्रांतीच्या दिवसांत हळदीकुंकवाच्या लहान ऑर्डरी मिळतात. ईदच्या आदल्या रात्री विजापूर वेस, बेगम पेठ भागात हाताला उसंत नसते. त्या रात्रीसाठी कोन दोन दिवस आधीच फ्रीजरमध्ये तयार हवेत.

कामाचा फोटो दोनदा घ्या. एकदा ओल्या मेंदीचा, आणि दुसरा लग्नाच्या सकाळी, खिडकीच्या उजेडात, नवरीच्या बहिणीला सांगून. पुढचं गिऱ्हाईक तो दुसराच फोटो मागतं.