बिट होल्डर घ्यायला निघण्याआधी: इम्पॅक्ट ड्रायव्हरवाल्यांसाठी तयारीची यादी

गणपतीच्या मांडवाचे काम निघाले की रामबाग असो की लोकमान्यनगर, इंदूरमधला कुणीतरी सियागंजच्या बाजारात जातो आणि ‘भिया, इम्पॅक्ट का बिट होल्डर देना’ म्हणतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणजे ठोके देत स्क्रू मारणारे मशीन. बिट म्हणजे स्क्रूच्या डोक्यात बसणारे टोक, आणि बिट होल्डर म्हणजे ते मशीनला जोडणारा दांडा. समोर ६० मिमीचा, चकचकीत, चुंबकवाला होल्डर येतो. तो बहुतेक मशीनमध्ये शिरतो. पण धरतोच असे नाही. होल्डर दोन टोकांनी धरायला हवा: मागे मशीनच्या चकमध्ये, म्हणजे दांडा धरणाऱ्या तोंडात, आणि पुढे बिटला. दुकानात लोक पुढचे टोक पाहतात, चुंबकाला स्क्रू चिकटवतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. गडबड अनेकदा मागच्या टोकाला असते.

म्हणून पिशवीत सगळ्यात आधी मशीन ठेवा, बॅटरी काढून. चक तपासायला बॅटरी लागत नाही, आणि गर्दीच्या काउंटरवर चुकून ट्रिगर दाबला जायला नको. एक चार्ज केलेली बॅटरी वेगळी घ्या, शेवटच्या चाचणीसाठी. मशीनच्या पुस्तिकेत बिटची आकृती असलेले पान मोबाइलमध्ये टिपून घ्या. सध्या वापरत असलेली दोन-तीन बिट, कामावर लागणाऱ्या प्रत्येक मापाचे पाच-सहा स्क्रू, १८ किंवा १९ मिमी प्लायचा हातभर तुकडा आणि बारीक मापे घ्यायचा व्हर्नियर. व्हर्नियर नसेल तर स्टीलची पट्टी चालेल.

आता मागचे टोक. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या चकला पाव इंची षट्कोनी दांडा लागतो. समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर ६.३५ मिमी. दांड्याभोवती गोल खाच असते आणि चकमधला छर्रा त्या खाचेत बसून दांडा अडकवतो. खाच नसलेला दांडा इम्पॅक्टमध्ये लावूच नये. साध्या ड्रिलच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये तो चालून जातो, म्हणून दुकानात दोन्ही माल एकाच डब्यात पडलेला असतो. डब्यात हात घालताना खाच बघूनच उचला.

खाच आहे म्हणजे काम झाले, असेही नाही. दांड्याच्या मागच्या टोकापासून खाचेपर्यंतचे अंतर दोन प्रकारचे असते: एक सुमारे ९ मिमी, दुसरे सुमारे १३-१४ मिमी. चकही त्याप्रमाणे उथळ किंवा खोल असतो. खोल चकमध्ये आखूड दांडा घातला की तो जास्तच आत जातो, खाच छर्र्याच्या पलीकडे सरकते आणि होल्डर हाताने ओढला की बाहेर येतो. उलट, लांब दांडा उथळ चकमध्ये घातला तर खाच बाहेरच राहते आणि चकची कॉलर, म्हणजे बाहेरचे सरकणारे कडे, पूर्ण मागे येत नाही. खोल चकच्या काही मशीनबरोबर एक बोटाच्या पेराएवढाही नसलेला लोखंडी तुकडा येतो. पुस्तिकेत त्याला बिट-पीस म्हणतात. तो टोकाकडून आत टाकला की चक उथळ होतो आणि आखूड दांडा बरोबर बसतो. हा तुकडा बहुतेक घरांत पहिल्याच महिन्यात हरवतो, कारण बिट काढताना तो अलगद खाली पडतो आणि भुशात मिसळतो. आपल्या डब्यात तो आहे का, हे निघण्याआधी बघा.

तपासणी सोपी आहे. कॉलर पुढे ओढा, होल्डर घाला, कॉलर सोडा. ती टक् आवाज करून जागेवर आली पाहिजे. मग होल्डर जोरात बाहेर ओढा. थोडा पुढे-मागे हलेल, बाजूला किंचित डुगडुगेलही. षट्कोनी चकमध्ये एवढी मोकळीक असतेच, त्यावरून माल नाकारू नका. निघून आला, तर मात्र दुसरा मागा.

पुढच्या टोकाचे प्रकार तीन-चार. सगळ्यात स्वस्त होल्डरमध्ये तळाला नुसते चुंबक असते. यात २५ मिमीची आखूड बिट बसते, पण फिलिप्स स्क्रूत, म्हणजे डोक्यावर अधिकची खूण असलेल्या स्क्रूत, ती घट्ट रुतली की मशीन मागे येते आणि बिट स्क्रूच्या डोक्यात राहते. शिडीवर उभे राहून काम चालू असेल तर ती खाली पडते आणि मग शोधत बसा. दुसऱ्या प्रकारात चुंबकासोबत तोंडाशी बारीक तारेची कडी असते. आखूड बिटच्या सहा कडांवर छोटे काप असतात, त्यांत ही कडी बसते. पकड चांगली, पण कडी झिजते आणि ढिली होते. तिसरा, कॉलर ओढून बिट लावण्या-काढण्याचा, आत छर्रा असलेला. सतत बिट बदलायची असतील तर हाच घ्या. मात्र यात एक मेख आहे: काही होल्डर फक्त गोल खाचेच्या ५० मिमी बिटला धरतात, कापवाल्या आखूड बिटवर त्यांचा छर्रा घसरतो. आपली बिट पिशवीत न्यायची ती यासाठीच. चौथा प्रकार म्हणजे बाहेरून सरकणारी नळी असलेला. ती पुढे ओढली की लांब स्क्रू सरळ राहतो. ३०४ स्टेनलेस किंवा पितळी स्क्रूला चुंबक जवळपास निरुपयोगी, तिथे ही नळी खरोखर कामाला येते.

मोबाइलचा टॉर्च लावून होल्डरच्या तोंडात डोकवा. सहाही कोपरे स्वच्छ दिसायला हवेत. तळाचे चुंबक तिरके किंवा कडेला डिंक फुटलेले असेल तर परत करा. इम्पॅक्टच्या ठोक्यांनी असले चुंबक सुटते किंवा तुकडे होऊन तळाशी साचते, मग बिट पूर्ण आत जात नाही आणि वर वर टेकून फिरते. जुना होल्डर अचानक बिट गोल करू लागला तर आधी हेच बघा.

इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रू अडला की हातोडीसारखे आडवे ठोके देतो, मिनिटाला तीनेक हजार किंवा त्याहून जास्त. साध्या ड्रिलसाठी बनवलेला होल्डर त्याखाली पिळतो किंवा मानेशी तुटतो. वेष्टनावर ‘इम्पॅक्ट’ छापलेले आहे का बघाच. पण मधली मान मुद्दाम बारीक ठेवलेली आहे का, हेही पाहा. ती बारीक जागा ठोका पिळून झेलते, त्यामुळे बिटचे टोक वाचते. फार कडक, न पिळणारे पोलाद जास्त टिकेल असे वाटते, पण तेच काचेसारखे तडकते. घरी आल्यावर होल्डरवर लांबीच्या दिशेने रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. काही दिवसांनी रेघ तिरकी दिसली की होल्डर पिळला, बदलायची वेळ झाली.

लांबीचा मोह टाळा. ६० मिमी रोजच्या कामाला पुरे. १५० मिमीचा खोल कोपऱ्यासाठी एक ठेवा, पण त्याने टोक भिरभिरते आणि ट्रिगर हळू दाबावा लागतो. दिवसभर एकाच मापाचे स्क्रू मारायचे असतील तर होल्डरच नको: ५० किंवा ६५ मिमीची अखंड बिट थेट चकमध्ये लावा. एक जोड कमी, डगमग कमी.

वर पत्रा टाकायचा असेल तर त्याला वेगळे. षट्कोनी डोक्याच्या सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडणाऱ्या) स्क्रूंत ४.८ आणि ५.५ मिमीला ८ मिमीचा सॉकेट लागतो, ६.३ मिमीला १० मिमीचा. हे सॉकेट होल्डरमध्ये न बसवता थेट चकमध्ये लागणारे घ्या. त्यातल्या चुंबकावर पत्र्याचा बुरा साचतो, मग डोके पूर्ण आत जात नाही आणि वरून सटकते. दर वीस-पंचवीस स्क्रूंनंतर चिकटपट्टीने पुसून काढायचे. जाड नट-बोल्ट आवळायला हा पाव इंची दांडा वापरू नका. त्याला इम्पॅक्ट रेंच आहे.

दुकानातून निघण्याआधी बॅटरी लावा. प्लायच्या तुकड्यात ८×३५ चे (८ नंबरचे, ३५ मिमी लांब) पाच स्क्रू डोके सपाट होईपर्यंत मारा, प्रत्येकानंतर मशीन सरळ मागे ओढा. पाचही वेळा बिट होल्डरसोबत परत आली पाहिजे. मग पाचही उलटे फिरवून काढा. बिट उडी मारते आहे असे वाटले तर होल्डरला दोष देण्याआधी स्क्रूचे डोके बघा. अधिकच्या खुणेमध्ये चार बारीक तिरक्या रेघा असतील तर तो पोझी (पोझिड्राइव्ह) आहे, त्याला फिलिप्सची पीएच २ बिट नव्हे, पोझीची पीझेड २ लागते.

एका मांडवाच्या कामासाठी एवढे घ्या: ६० मिमीचे दोन होल्डर, १५० चा एक, पीएच २ ची दहा बिट, पीझेड २ ची पाच, ८ मिमीचे दोन सॉकेट आणि १० चा एक. बिट-पीस मिळाला तर एक जादा घेऊन डब्याच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावून टाका.