सोलापुरात घरच्या गॅरेजमध्ये डिटेलिंग: आधी फरशी, पाणी आणि उजेड

डिटेलिंग म्हणजे गाडी बारकाईने धुणं, पॉलिश आणि कोटिंग करणं. त्याचं गॅरेज कसं उभारावं याचे यूट्यूबवर दिसणारे बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले असतात. त्यांची चिंता गॅरेज उबदार कसं राहील ही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवत नाही, नळाला पाणी रोज येत नाही आणि बोअरचं पाणी काचेवर पांढरे ठिपके सोडून जातं. त्यामुळे नवीन मुलं मला पहिल्याच भेटीत "पॉलिशर कुठला घेऊ?" असं विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, "जागा दाखव." मशीन पुढच्या महिन्यातही मिळेल. एकदा टाकलेली फरशी मात्र उखडता येत नाही.

जागा किती हवी? हॅचबॅकला वीस बाय बारा फूट पुरतं. एसयूव्ही घेणार असाल तर बावीस बाय चौदा धरा. चारही बाजूंनी तीन फूट मोकळे हवेत, कारण दार पूर्ण उघडून सिलवर (दाराखालच्या उंबऱ्यावर) काम करायचं असतं आणि पॉलिशरची वायर गाडीला घासून चालत नाही. शटरचं तोंड शक्यतो पश्चिमेला नको, दुपारनंतरचं ऊन थेट पॅनेलवर येतं.

आता जमीन. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठेही बांधा, आधी एक खड्डा खणून खाली काय आहे ते पाहा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या काँक्रीटला सोबत घेऊन जाते. ती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून थराथराने धुम्मस करायचा, मगच पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर. मिस्त्री सांगतो, "शहाबादी टाका ना, स्वस्तात होतंय." शहाबादी आपल्याला जवळची, सीमेपलीकडून कलबुर्गीकडून येते, आणि बाहेर धुण्याच्या जागेवर ती मीही टाकली आहे. आत मात्र नको. तिच्या सांध्यांत वाळू बसते, पडलेलं फडकं तीच वाळू उचलतं आणि पुढच्या पुसण्यात ती रंगावर फिरते. आत गुळगुळीत काँक्रीट बरं. उताराला शंभराला एक हे माप धरा, म्हणजे वीस फुटांना साधारण अडीच इंच. इपॉक्सी, म्हणजे काँक्रीटवर रेझिनचा कडक थर, करायची असेल तर काँक्रीट नीट मुरून सुकल्यावरच करा, महिनाभर तरी थांबा, आणि वरच्या थरात बारीक वाळू मिसळून घ्या. ओल्या इपॉक्सीवर चपलेने पाय घसरतो.

पाणी बाहेर सोडताना आधी जाळी आणि मागे गाळाची कुंडी हवीच. मोहोळ-बार्शीकडून शेतातून आलेल्या गाडीच्या मडगार्डात पावसाळ्यात काळ्या मातीचे लोंदे असतात. कुंडी नसेल तर गटार तुंबतं, आणि मग शेजारचे काका मोबाईल घेऊन फोटो काढायला येतात.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्या. स्वस्त असतो, आणि बोअरचं पाणी त्यात धरलं की आकडा बघून डोळे उघडतात. उन्हात हे पाणी पॅनेलवर वाळलं की त्यातलं कॅल्शियम चिकटून राहतं, जास्त दिवस गेले तर क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, डाग मुरतो आणि नुसत्या शॅम्पूने जात नाही. सगळी गाडी आरओने धुवायची श्रीमंती आपल्याकडे नाही. आरओ जेवढं देतो त्याहून बरंच फेकतो, म्हणून तो शेवटच्या खळखळीपुरता ठेवा. दहा-पंधरा लिटर पुरे. फेकलेलं पाणी फरशीला वापरा. हजार लिटरची टाकी आणि प्रेशर वॉशर हा पाया. वॉशर साधारण मिनिटाला सहा-सात लिटर खातो, उघड्या नळीपेक्षा कितीतरी कमी. धूळच असेल तर रिन्सलेस (नंतर पाण्याने धुवावा न लागणाऱ्या) शॅम्पूची एक बादली, म्हणजे दहा लिटरच्या आत काम होतं. चिखल असेल तर मात्र आधी पाण्याने सोडवल्याशिवाय फडकं लावायचं नाही.

छताच्या पत्र्यावर पांढरा रंग आणि खाली हवेच्या फटीसह फॉल्स सीलिंग, एवढं केलं तरी आतलं वातावरण बदलतं. परवडत असेल तर पफ पॅनेल, म्हणजे मध्ये उष्णता अडवणारा फोम असलेला पत्रा. कूलर लावायचा मोह होईल. माणसाला तो ठीक आहे, पण सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर) लावताना बंद ठेवा, कारण तो दमटपणा आणि धूळ दोन्ही आत फेकतो. उन्हाळ्यात हे कोटिंग लावताच सुकायला लागतं, पुसायला वेळच मिळत नाही आणि ठसे राहतात. मी ती कामं शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेतो. एप्रिल-मेमध्ये धुणं, इंटिरिअर, फार तर पहाटेचं पॉलिश.

उजेडावर मी सगळ्यात जास्त बोलतो. छताला मधोमध एकच ट्यूब म्हणजे काळ्या गाडीवर फक्त एक चमकती रेघ, बारीक गोल ओरखडे दिसतच नाहीत. दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या, शिवाय भिंतीवर कंबरेच्या उंचीला दिवे. उजेडाची छटा पाच-साडेपाच हजार केल्विन, आणि सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो तो आकडा, नव्वदच्या वर. भिंतींना मॅट राखाडी रंग द्या, चकचकीत पांढरा नको. आमच्या एका मित्राने ही सगळी तयारी बघून विचारलं, "काय बे, गाडी पुसायचीय का ऑपरेशन करायचंय?"

वीज आणि पाणी एकाच खोलीत आहेत हे विसरू नका. पक्कं अर्थिंग, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच), सॉकेट चार फुटांवर आणि झाकणाचे. वॉशर आणि व्हॅक्यूमला वेगळी लाईन. व्यवसाय म्हणून चालवणार असाल तर मीटर कुठल्या वर्गातला लागेल ते महावितरणकडे आधीच विचारा. शॉप अ‍ॅक्टमध्ये थोडेच कामगार असतील तर नुसती सूचना द्यावी लागते, ऑनलाईन होतं.

फडक्यांबद्दल सोलापूरकराला वाईट वाटेल असं एक सांगतो. आपला टेरी टॉवेल नावाजलेला, चादरीसारखंच भौगोलिक मानांकन त्यालाही आहे, पण रंगावर तो नको. सुती विणीत अडकलेला कण सुटत नाही आणि लिंट (सुताचे तंतू) राहते ती वेगळी. तो टायर, इंजिन-बे आणि हात पुसायला ठेवा. रंगाला मायक्रोफायबरच: पॉलिश काढायला तीनशे-चारशे जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), पाणी टिपायला पाचशेच्या वर. सुती कपड्यांबरोबर धुवायचं नाही, फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नाही.

मशीन शेवटी. डीए पॉलिशर (पॅड फिरता फिरता डुलतं तो), थ्रो म्हणजे ते डुलणं पंधरा मिलिमीटर, पाच इंची पॅड, ओलं-सुकं व्हॅक्यूम, रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारा क्ले बार, लोखंडाचे कण सोडवणारा आयर्न रिमूव्हर. रोटरी, म्हणजे नुसता गोल फिरणारा पॉलिशर, नवख्या हाताला देऊ नये, कडेला रंग जळतो. त्याहून आधी पेंटची जाडी मोजायचं मीटर घ्या. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो. एखाद्या दरवाजावर अडीचशे-तीनशे दिसलं की तो कुठेतरी रंगवलेला आहे, हे मालकाला पॉलिशर लावण्याआधी आकडा दाखवून सांगा आणि जॉब कार्डवर त्याची सही घ्या.